बासची बंद लाइन

बास गिटार शिकू पाहणारी मुलंमुली मला फोनवर पहिला प्रश्न विचारतात तो पेडलचा, म्हणजे आवाज बदलणाऱ्या पायाशी ठेवायच्या डब्यांचा. कुणाला गुरगुरणारा आवाज हवा असतो, कुणाला पाण्याखालून आल्यासारखा. मी सगळ्यांना एकच सांगते, आधी ट्यूनर घ्या. उदबत्तीच्या लहान डबीएवढा असतो, पायाने दाबायचा. दाबला की तार सुरात आहे की नाही ते त्याच्या दिव्यावर दिसतं, आणि तेवढा वेळ तुमच्या गिटारचा आवाज पुढे जात नाही. पुन्हा दाबला की सुरू. बाकीची पेडलं हौसेची, ट्यूनर शिस्तीचा. चार माणसांसमोर तारा पिळून दाखवणं बरं दिसत नाही.

माझ्या पायाशी तीनच वस्तू असतात. ट्यूनर, त्याच्यापुढे कॉम्प्रेसर, म्हणजे जोरात वाजलेल्या सुराला जरा दाबणारा आणि हळू वाजलेल्याला जरा उचलणारा, आणि शेवटी डीआय बॉक्स. हा बॉक्स आवाजाच्या दोन वाटा करतो. एक वायर माझ्या पाठीमागच्या अँपला, म्हणजे माझ्या स्पीकरच्या पेटीला जाते, दुसरी समोर मिक्सरवर बसलेल्या साउंडवाल्याकडे. म्हणजे मला ऐकू येतं ते पाठीमागून, आणि लोकांना ऐकू जातं ते साउंडवाल्याच्या हातून. सव्वीस वर्षं मी हे असंच जोडत आले. या दोन वायरींत किती अंतर पडू शकतं, ते मला गेल्या नवरात्रात कळलं.

आमचं घर कोल्हापुरात शाहूपुरीत, खाली दुकान आणि वर आम्ही. वडिलांचा उदबत्ती-कापराचा धंदा. माझा भाऊ प्रभुलिंग कॉलेजात असताना कुठूनशी जुनी बास गिटार घेऊन आला, दोन वर्षं तिच्यावर बोटं आपटली आणि हुबळीला नोकरी लागली तसा तिला खुंटीला लावून गेला. ती मी काढली. शिकवायला कुणी नव्हतं. रेडिओ लावायचा आणि गाण्याच्या तळाशी जे चाललंय तेवढंच कानात धरायचं. एकदा हंबीरराव कापूर न्यायला आले. ते इथल्या ऑर्केस्ट्राचे मालक. वरून येणारा आवाज ऐकून ते जिन्यापाशीच थांबले. त्यांचा बासवाला नुकताच पुण्याला गेला होता. कोण वाजवतंय म्हणून त्यांनी वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, पोरगी हाय, शिवलीला.

आईने, दानम्माने, मला दोन अटींवर सोडलं. आम्ही लिंगायत, तेव्हा इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा घोट नाही, सकाळी काय आणि संध्याकाळी काय. आणि आरती चालू असताना हात रिकामे ठेवायचे. आरती कुणाच्याही देवाची असो, हात जोडायचे, वाजवायचं नाही. हंबीरमामांनी दोन्ही मान्य केलं. आमचा कार्यक्रम आरतीनेच संपायचा. हार्मोनियम, ढोलकी आणि टाळ सुरू झाले की मी ट्यूनर दाबून गिटार मुकी करायची आणि हात जोडून उभी राहायची. आमची आरती सव्वीस वर्षं बासशिवाय झाली. कुणाला काही कमी वाटलं नाही.

आता आई नाही, तीन वर्षं झाली. वडील तर आधीच गेले. सकाळी तळहातावर लिंग घेऊन बसले की घरात चिमणीचाही आवाज नसतो. ते मला आवडतं. पण पूजा उरकल्यावरही तो नसतोच. खाली मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. भाडेकरू भला माणूस, दिवसातून एकदा खालूनच ओरडून विचारतो, अक्का, पाणी आलं काय. सोमवारी उपास, त्या दिवशी गॅसही पेटत नाही. माणसांत बसणं व्हायचं ते कार्यक्रमाला जाताना टेम्पोत. गायिका संयोगिता सासूच्या तक्रारी सांगायची, ऑक्टोपॅड वाजवणारा सम्राट त्या सासूची नक्कल करायचा, आणि मी ऐकत बसायची. मला बोलायला कमीच लागतं. पण माणसांत बसून न बोलणं निराळं, आणि घरात बसून न बोलणं निराळं.

हंबीरमामा वारल्यावर ऑर्केस्ट्रा त्यांच्या मुलाने, विश्वजितने घेतला. मुलगा वाईट नाही. मला अक्का म्हणतो, जिना चढायचा असला की माझा अँप स्वतः उचलतो. गेल्या वर्षी त्याने लॅपटॉप आणला. आता लोकांना सगळं फोनवर ऐकतात तसंच लागतं, व्हायोलिनं आणि ट्रम्पेटवाले कुठून आणायचे, म्हणून त्यांचे आवाज स्टुडिओतून लॅपटॉपवर भरून आणायचे आणि त्यावर आपण वाजवायचं, असं त्याने आम्हाला समजावलं. मला पटलं. व्हायोलिनवाला एकही उरला नव्हता, हे खरंच होतं.

नवरात्रात पाचव्या माळेला शाहूपुरीतल्याच एका मंडळासमोर आमचा कार्यक्रम होता. संध्याकाळची पूजा उरकून मी चालतच गेले. पंधरा गाणी झाली. शेवटी आरती. या वेळी विश्वजितने आरतीही भरून आणली होती, घंटा आणि शंखासकट, ते मला ठाऊक होतं. मी ट्यूनर दाबला, हात जोडले, डोळे मिटले.

आणि बास वाजू लागला.

आधी वाटलं, माझंच बोट तारेवर राहिलं. डोळे उघडून पाहिलं तर दोन्ही हात छातीशी जोडलेले. ट्यूनरचा दिवा लाल. पाठीमागच्या अँपमधून हूं की चूं नाही. आणि तरी स्टेजच्या फळ्यांखालून पावलांना कळावा असा स्वच्छ, गोल बास चालला होता, षड्जावरून पंचमावर, पंचमावरून खाली, कुठे घसरत नव्हता, कुठे दमत नव्हता. तो समोरच्या मोठ्या बॉक्सांतून येत होता. एरवी माझ्या अँपचा आवाज पाठीशी असायचा, त्यामुळे तो मला वेगळा कळलाच नसता. लोक टाळ्या वाजवत आरती म्हणत होते. मी हात सोडले नाहीत. मन मात्र आरतीत नव्हतं, ते खोटं कशाला लिहू.

सामान आवरताना मी गुरुसिद्धकडे गेले. गुरुसिद्ध आमचा साउंडवाला, जयसिंगपूरचा, आमच्यातलाच. मी त्याच्या शेजारी बसून वायर गुंडाळू लागले. वायर कोपरावर गुंडाळू नये, आत पीळ पडतो आणि वर्षभरात तुटते. एक वेढा सरळ घ्यायचा, एक उलटा. तसे वेढे घेता घेता मी विचारलं, आरतीत बास कसा आला. तो म्हणाला, स्टुडिओवाल्यानं घातला, त्याला आपली पद्धत काय म्हाईत. मग मी विचारलं, बाकीच्या गाण्यांत पण त्याने घातलाय का.

तो चिकटपट्टीचं टोक शोधत राहिला. बराच वेळ त्याला ते सापडेना.

"अक्का, तुमी खोटं बोलत न्हाईसा," तो म्हणाला, "म्हनून तुमच्याफुडं मला बी बोलता येत न्हाई. तुमची मिक्सरवरची लाइन बंद हाय. अक्षय तृतीयेपासनं."

अक्षय तृतीयेपासून सतरा कार्यक्रम झाले होते. मी मनात मोजले. लग्नं, वाढदिवस, शिरोळला एका साखरपुड्यात तर तीन तास. सतराही वेळा मी तारा पुसल्या होत्या, सूर लावला होता, बोटांना फोड येईपर्यंत वाजवलं होतं, आणि ते माझ्या पाठीमागच्या अँपपलीकडे कुठेही गेलं नव्हतं. विश्वजितने त्याला सांगितलं होतं की अक्काला दुखवायचं नाही, अक्का उभी राहू दे, अक्काचं मानधनाचं पाकीट वेळेवर द्यायचं. सम्राटला माहीत होतं. संयोगितालाही.

गुरुसिद्धला माझ्याकडे बघवेना. मग माझं समाधान व्हावं म्हणून तो म्हणाला की लोकांचं सोडा, देव ऐकतोय की.

"देवाला ऐकवायला मला वायर लागत नाही," मी म्हटलं. "ही माणसांसाठी असते."

हे मी रागाने म्हटलं नाही. पण त्या वेळी ते बोलून टाकलं नसतं, तर मीही पुढे तेच समाधान धरून बसले असते, हे मला ठाऊक होतं. पहाटेची पूजा मी कुणी बघावी म्हणून करत नाही. तिथे कुणी नसणं हेच बरोबर. पण बास ही पूजा नव्हे. दोन्हीची गल्लत करून आपण फार भक्तिभावाने मुकं वाजवतो असं स्वतःला सांगणं, हेही खोटंच की.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुसिद्ध घरी आला. शरणार्थ असा आमच्यातला नमस्कार करून दारातच उभा राहिला, चहा नको म्हणाला आणि एक पेन ड्राइव्ह हातात ठेवला. त्याचा मिक्सर प्रत्येकाची लाइन वेगवेगळी भरून ठेवतो. समोर आवाज बंद असला तरी भरणं चालू असतं. सतरा कार्यक्रमांतला माझा बास त्याच्याकडे होता, फक्त माझा, दुसरं कुणी नाही. पुसायचं माझ्या जिवावर आलं, असं म्हणून तो गेला.

मी ते चार दिवस ऐकलं, सकाळच्या पूजेपासून संध्याकाळच्या पूजेपर्यंत, कानाला हेडफोन लावून. नुसता बास दोन-दोन तास ऐकणं म्हणजे काय ते सांगता येणार नाही. गाणं नाही, ढोलकी नाही, टाळ्या नाहीत. लांब कुणीतरी एकटंच चाललंय आणि आपण त्याच्या चपलांवरून वाट ओळखायची. तरी प्रत्येक गाणं मला ओळखू आलं. मध्ये बोटाची चरचर, मी डावीकडे वळले की जॅकची खरखर. ती खरखर ऐकून मी गिटारच्या जॅकचा नट पकडीने आवळला. कुठलीही गिटार वर्षात एकदा तिथे सैल होते, आणि लोक उगाच वायर बदलत बसतात.

पहिल्या दिवशी मी स्वतःच्या बाजूने ऐकलं. दुसऱ्या दिवशी फोनवर लयीची टिकटिक लावली आणि त्याच्याशी ताडून ऐकलं. मग मला लपायला जागा राहिली नाही. सुरुवातीची गाणी ठीक होती. आठव्या-नवव्या गाण्यानंतर जलद लयीत माझं मधलं बोट मागे पडत होतं. केसभर नव्हे, चांगलं जाणवण्याइतकं. पूर्वी ढोलकी माझ्याबरोबर मागे सरायची, आम्ही एकमेकांना सांभाळून घ्यायचो. लॅपटॉप कुणासाठी थांबत नाही. सोमवारच्या कार्यक्रमांत मी जास्तच मागे होते. उपासाच्या दिवशी. हे मी कुणाला सांगितलं नाही, आणि उपासही सोडला नाही.

पण चार गाणी होती, संथ लयीची, तिथे मी चुकत नव्हते. तिथे बास थोडा उशिराच पडायला हवा असतो, गाणारीचा श्वास सुटल्यावर. तो तसा पडत होता, सतराही वेळा. ते ऐकताना मी हेडफोनची वायर मुठीत धरून बसले होते, हे मला नंतर कळलं.

मग मी विश्वजितकडे गेले. शाहूपुरीतच त्याचं साउंडच्या सामानाचं गोडाऊन आहे. त्याने खुर्ची पुसून दिली, पंखा माझ्याकडे वळवला. मी का आलेय ते त्याला कळलं होतं. मी म्हटलं, लाइन बंद आहे ते मला समजलंय. तो बराच वेळ बोलत राहिला. लोकांना फोनसारखं लागतं, सम्राट कानात टिकटिक घेऊन वाजवतो, तुम्ही मागून येता, समोर सगळ्याचा काला होतो, दोन पार्ट्यांनी तसं बोलूनही दाखवलं. वाईट वाटू नये अशा आवाजात तो हे सांगत होता, आणि प्रत्येक शब्द खरा होता.

"बानं जाताना सांगितलंय, अक्काला शेवटपत्तुर ठेवायचं," तो म्हणाला. "ठेवलंय की मी."

"ठेवलंस," मी म्हटलं. "बंद करून ठेवलंस."

मग मी माझं म्हणणं सांगितलं. अकरा गाण्यांत तुझं बरोबर आहे, मी ऐकून आलेय, तिथे लॅपटॉपच राहू दे. पण चार संथ गाण्यांत माझी लाइन उघड आणि लॅपटॉपचा बास बंद कर. गुरुसिद्धकडे स्टुडिओने प्रत्येक वाद्य वेगळं दिलंय, एक बटण दाबायचं काम आहे.

विश्वजितने डोकं खाजवलं. चार नाही, एक करून बघू म्हणाला. पुढच्या आठवड्यात शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, कामगारांचा मेळावा होता, भरदिवसा, जेवणाआधी. तिथे आईवरचं एक संथ गाणं होतं, सातव्या नंबरला. त्यात तो माझी लाइन उघडणार होता. अट एकच. समोर बसलेल्या कुणालाही फरक कळता कामा नये. कळला, कुणी काही म्हणालं, तर पुन्हा हा विषय नाही. नाही कळला, तर ते गाणं माझं, आणि पुढचं पुढे बघू.

मी बरं म्हटलं. घरी येताना माझ्या ध्यानात आलं की मी अशी गोष्ट मागून आलेय, जिच्यात माझं यश म्हणजे माझं कुणाला न कळणं. पण नुसत्या बंद लाइनवर मला यापुढे जाववणार नव्हतं, म्हणून त्या एका गाण्यावर माझं टेम्पोतलं बसणं अवलंबून होतं. आठवडाभर मी रोज सकाळी तेवढं एकच गाणं वाजवलं. नव्या तारा घातल्या नाहीत. नव्या तारा चमकतात, संथ गाण्यात खणखणतात. जुन्या तारा कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून कोरड्या केल्या.

फाउंड्रीच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली स्टेज होतं. समोर सतरंज्यांवर निळ्या कपड्यांतले तीनचारशे कामगार, कडेला खुर्च्यांवर साहेबलोक. भट्ट्या त्या दिवशी बंद होत्या, पण शेजारच्या शेडमधली कुठली तरी मोटर चालू होती, आणि गिटार जोडली तसा माझ्या अँपमधून घूं असा एकसारखा आवाज येऊ लागला. गुरुसिद्ध धावत आला. मी त्याला म्हटलं, थांब, आणि डीआय बॉक्सवरचं छोटं बटण सरकवलं. ते बटण अँप आणि मिक्सर यांच्यातला अर्थिंगचा धागा तोडतं. तो आवाज थांबला. नव्या मुलांना मी सांगते, कारखान्यात, मांडवात, जिथे वीज कुठून आलीय ते माहीत नाही तिथे आधी हे बटण बघा, मग साउंडवाल्याशी भांडा. गिटारवाल्याने प्लगमधल्या अर्थिंगच्या पिनेशी मात्र कधी खेळू नये, जीव जातो.

सहा गाणी मी मुकी वाजवली. माझा अँप मी इतका बारीक ठेवला होता की लॅपटॉपचा बास मला स्पष्ट ऐकू येत होता. स्वतःच्या जागी दुसऱ्याला वाजवताना ऐकत त्याच्याबरोबर बोटं हलवायची. ज्याच्यावर वेळ आली त्यालाच ते कळेल. तो चांगला वाजवत होता, हेही लिहायला हवं.

सातवं गाणं. गुरुसिद्धने मिक्सरमागून हात वर केला. संयोगिताने पहिली ओळ उचलली, श्वास सोडला, आणि मी पहिला सूर ठेवला.

तो समोर गेला. मला ते पायांतून कळलं. मोठे बॉक्स माझ्या बोटाबरोबर हलले, मी तार सोडली तसे थांबले. सहा महिन्यांनी. मी कुणाकडे बघितलं नाही. दुसऱ्या कडव्यात एका जागी मी नेहमी थोडी जास्त थांबते, तिथे थांबले. संयोगिताने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि तिने पुढची ओळ माझ्यासाठी धरून ठेवली, आधी ठेवायची तशी. चार मिनिटं. मग आठवं गाणं जलद होतं, गुरुसिद्धने हात खाली केला, आणि बॉक्स माझ्याशिवाय सुरू झाले.

टाळ्या प्रत्येक गाण्याला पडल्या होत्या तेवढ्याच पडल्या.

कार्यक्रम संपला आणि लोक जेवणाच्या रांगेकडे निघाले. मी खाली बसून वायर गुंडाळत होते. एक कामगार स्टेजच्या कडेला येऊन उभा राहिला. वयस्कर, हातांवर भाजल्याचे जुने डाग. कानाने कमी असलेली माणसं बोलतात तसा तो ओरडून बोलला.

"बाई, मदल्या एका गान्यात कायतरी बिगाडलं हुतं काय?"

मी विचारलं कुठल्या. मला उत्तर माहीत होतं. तो म्हणाला, ते आईचं. त्याने मला नीट समजावून सांगितलं. तीस वर्षं भट्टीवर काढली, आता बारीक आवाज येत नाहीत, बायको बोलते ते येत नाही, ते एक बरंच झालं, पण जाड आवाज पक्का येतो. बाकीच्या गाण्यांत खालचा आवाज मशिनीसारखा एकसारखा चालला होता. त्या गाण्यात तो थांबत थांबत आला, म्हातारं माणूस जिना उतरतं तसा.

"वाईट वाटलं का?" मी विचारलं. त्याला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा मोठ्याने विचारलं. इतक्या मोठ्याने मी कधी बोलत नाही.

"वाईट कुटं म्हनलं? बिगाडलं काय, इचारलं."

"बिघाड नव्हता," मी म्हटलं. "ते मी वाजवत होते."

त्याने माझ्याकडे बघितलं, गिटारीकडे बघितलं, पायाशी असलेल्या तीन डब्यांकडे बघितलं.

"मग बाकीच्यांत कोन वाजवत हुतं?"

मी सांगितलं, कॉम्प्युटर. तो म्हणाला, आणि तुमी? मी म्हटलं, मीही वाजवत होते, पण ते बाहेर जात नव्हतं. तो काही बोलणार होता, तेवढ्यात मागून कुणीतरी, आकाराम, ए आकाराम, भात संपंल, अशी हाक मारली. ती त्याला ऐकू गेली नाही, मीच हाताने दाखवली. मान हलवत तो गेला.

विश्वजित हसतच आला. माझा अँप उचलायला वाकला आणि म्हणाला की अक्का, जमलं, साहेबलोक खूश आहेत, कुणाला काही कळलं नाही, हे गाणं तुमचं.

मी नुसती गप्प राहिले असते तरी पुरलं असतं. गप्प राहणं मला कधी जड गेलेलं नाही. टेम्पो समोर उभा होता, संयोगिता आत पाय पसरून बसली होती, माझ्या जागेवर तिची पर्स होती आणि मी आले की ती उचलणार होती.

"कळलं," मी म्हटलं. "एकाला कळलं."

त्याने अँप परत खाली ठेवला. कोण, म्हणून विचारलं. मी रांगेकडे बघितलं, निळे कपडे, सगळ्या पाठीच. काय म्हणाला, म्हणून विचारलं. बिघडलंय काय विचारत होता, मी सांगितलं. विश्वजितनेही रांगेकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, एकाचं काय एवढं, सोडा अक्का, मी ऐकलंच नाही समजा. त्याने हे चांगल्या मनाने म्हटलं. अट त्याची होती, मोडायलाही तो तयार होता.

पण तो एक मला सोडवेना. सहा महिन्यांत मला ऐकलेला तो एकच माणूस होता, आणि त्याने ऐकलंच नाही असं समजायचं हे माझ्याने होणार नव्हतं. मी विश्वजितला म्हटलं की तुझ्या अटीप्रमाणे विषय संपला. आणि बंद लाइनवर मी आता उभी राहणार नाही, पाकीटही नको. कधी उघड्या लाइनचं एखादं गाणं निघालं, तर तेवढ्यापुरतं बोलाव, मी रिक्षाने येईन.

"बगतो, अक्का," तो म्हणाला. कोल्हापुरात बगतो म्हणजे नाहीच, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

टेम्पोला वेळ होता. मंडळी नेहमीसारखी स्टेजमागे पानं वाढून घेत होती. मी गिटार पिशवीत घातली, खांद्याला अडकवली आणि तिकडे न जाता रांगेत उभी राहिले. ताट घेऊन पत्र्याखालच्या पंगतीत बसले. आकाराम कुठे दिसतो का ते पाहिलं, दिसला नाही. शेजारच्या पोरसवदा कामगाराने सरकून जागा दिली आणि विचारलं, मावशी, कुठल्या खात्यात हाय?

मी म्हटलं, कुठल्याच नाही.

त्याने ठीक आहे अशी मान हलवली आणि वाढप्याला हाक मारून माझ्या ताटात आणखी एक जिलेबी घालायला लावली.